शिवेपलीकडचे चौदाशे मीटर

केतकी घाडीच्या ताब्यात तीनशे बारा किलोमीटर रस्ते होते आणि त्यांतला एकही सलग अर्धा किलोमीटर सरळ जात नव्हता. सह्याद्री जिथे कोकणात उतरतो, तिथल्या डोंगरकडेच्या वाड्यांचे हे रस्ते. पावसाळ्यात कुठे रस्त्याखालची मोरी वाहून जायची, कुठे दरड यायची, कुठे नुसतेच रान आत घुसायचे. जमिनीवर जे घडले ते नकाशावर उतरले की नाही, हे पाहणे तिचे काम. सरकारी कागदावर तिचा हुद्दा ‘रस्ता-तपासनीस’ असा होता. तालुक्याच्या गावी तिला एक खोली, संगणकाचा एक पडदा आणि एक जीप मिळाली होती.

खरे तर २०४१ साली नकाशा स्वतःच स्वतःला सुधारत असे. कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. माळावरून माणसे रोज ये-जा करू लागली की गवतात पायवाट पडते, आणि ये-जा थांबली की दोन पावसाळ्यांत ती बुजते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. नकाशामागचे यंत्र नेमके हेच करी, फक्त आकड्यांत. प्रत्येक गाडीच्या चाकापाशी बोटाच्या पेराएवढा धक्कामापक बसवलेला होता. गाडी खड्ड्यातून गेली की खड्डा कुठे आणि किती खोल, हे नकाशाला कळे. लोकांच्या खिशातले फोन आपली भर घालत. वर आकाशात रडारचे उपग्रह होते. ढगांतूनही त्यांना जमीन दिसे आणि ती बोटभर खचली तरी ते ओळखत. या सगळ्यांतून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला शून्य ते शंभरपर्यंत एक आकडा मिळे. त्याला ‘भरवसा’ म्हणत. कोणी गेले की भरवसा चढे. कोणीच गेले नाही तर दर चाळीस दिवसांनी तो निम्म्यावर येई. वीसच्या खाली गेला की रस्ता नकाशावरून पुसला जाई.

पुसला गेला तर काय बिघडते? पूर्वी फारसे बिघडले नसते. ड्रायव्हर काच खाली करून वाटेवरच्या माणसाला विचारत असे, “हा रस्ता पुढे जातो का हो?” पण आता बस, रुग्णवाहिका, लस आणि धान्य नेणाऱ्या गाड्या, सगळ्यांतून चालकाची जागाच गेली होती. या गाड्यांना विचारायला तोंड नव्हते. नकाशात असेल तेवढेच जग त्यांना ठाऊक.

यंत्र अलीकडे आणखी एक गोष्ट शिकले होते. काही वर्षांपूर्वी घाटातल्या तीन वाड्या दरडीच्या भीतीने गुरेढोरे घेऊन एका दिवसात बाहेर पडल्या होत्या, आणि मागून तिथे गेलेल्या गाड्या ढिगाऱ्याखाली सापडल्या. तेव्हापासून यंत्राने धडा घेतला. एखादे गाव एकदम रिकामे झाले, एकही चूल पेटली नाही, एकही जनावर हलले नाही, तर चाळीस दिवस थांबायचे नाही. तीन दिवसांत गाव सोडलेले समजायचे आणि रस्ता बंद करायचा. यात यंत्राचा दुष्टपणा काही नव्हता. तीनदा कुत्रा चावलेले मूल चौथ्या कुत्र्यालाही भिते, तसे ते होते.

आणि केतकीचे गाव, खैरोळ, दर तीन वर्षांनी एकदम रिकामे होत असे.

या रिवाजाला गावपळण म्हणतात. ठरलेल्या दिवशी ढोल वाजतो आणि सगळे गाव शिवेबाहेर जाते. म्हातारीकोतारी, तान्ही मुले, गाई, कुत्री, कोंबड्या, सगळे. तीन रात्री बाहेर झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, खोपीत काढायच्या. मग शिवेवरच्या पाषाणाला कौल लावायचा. देवाने उजवा कौल दिला तर परतायचे, डावा दिला तर आणखी दोन रात्री बाहेर. तोवर आत कोणाचे पाऊल पडायचे नाही. पडले तर मोजणी पुन्हा पहिल्या रात्रीपासून.

हा कौल लावण्याचा मान केतकीच्या काकांचा, लवू घाडींचा. आईवडील लहानपणी गेल्यावर केतकी त्यांच्याच घरात वाढली होती. पडद्यावरच्या तारखा तिने पहिल्यांदा शेजारी-शेजारी मांडल्या तेव्हा कार्तिक चालू होता. त्या रविवारी ती खैरोळला गेली.

“काकानू, यंदा पळण सत्तावीस डिसेंबराक ना?”

“व्हय. देवान तारीख दिली.” लवूकाका अंगणात झापे विणत होते.

“आणि एकतीस तारखेक दुपारी चार वाजता आमचो नोंद-दिन.”

नोंद-दिन म्हणजे काय, ते तिने त्यांना समजावून सांगितले. नकाशा रोज बदलत राहिला तरी गाड्यांचे मार्ग रोज बदलता येत नाहीत. म्हणून यंदापासून असे ठरले होते, की त्या दिवशी चार वाजता जो रस्ता नकाशावर चालू असेल, त्यालाच पुढची तीन वर्षे बस, रुग्णवाहिका आणि दुरुस्ती मिळेल. तेव्हा बंद असलेल्या रस्त्याला तीन वर्षे काही नाही.

“तीन रात्री झाल्यार तीस तारखेक आमी परत,” काका म्हणाले. “मगे काय अडचण?”

“उजवो कौल मिळालो तर अडचण नाय. एक दिवस ये-जा झाली काय पुरे. पण डावो इलो तर? पळण आठ दिवस आधी घेऊक नाय जमाचा?”

“तुझो नोंद-दिन कोणी ठरयलो?”

“सरकारान.”

“मगे तेंकाच सांग आठ दिवस मागे घेवक. सरकार काय देवापेक्षा मोठा लागान गेला?”

आतून सुलूकाकी हसली. केतकीही हसली, पण सोमवारी तिने खरोखरच वर पत्र लिहिले. उत्तर तिच्या वरिष्ठ, दिघेबाईंकडून आले. तारीख राज्यभर एकच आहे, बदलणार नाही. यंत्रात रिवाजासाठी रकाना नाही. मात्र तपासनीसाने स्वतःची जीप रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन सही केली, तर ती सही यंत्राच्या अंदाजापेक्षा वरचढ ठरते. दुसऱ्याच्या पट्ट्यात कोणाची सही चालत नाही, ज्याचा पट्टा त्यानेच जायचे.

म्हणजे शिवेपासून गावातल्या शाळेपर्यंतचे चौदाशे मीटर केतकीलाच जावे लागणार होते.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी ढोल वाजला. शेवटच्या माणसाने रस्त्यावर शिवेच्या रेषेत आंब्याची डहाळी आडवी टाकली आणि खैरोळ रिकामे झाले.

एकोणतीस तारखेला दुपारी केतकी त्यांना भेटायला गेली. गावाने मुक्काम टाकला होता कातळसड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. शिवेजवळ एक बैलगाडीची वाट मुख्य रस्त्यातून फुटून तिथे चढते. खोपींच्या दोन ओळी, मधे चुली, पोरांचा आरडाओरडा. पत्ते रंगले होते.

“इलंस गो? बस, पेज घे,” सुलूकाकी म्हणाली. “आमचा बरा चल्लाहा. म्हादूचो कोंबो तेवढो काल घराकडे पळाक बघी होतो. चौघांनी धरून हाडलो. आता तंगडेक दोरी बांधून ठेवलोहा.”

“तेका कोणी कौल विचारूक नाय ना, म्हणान,” म्हादू पत्त्यांतून डोके वर न काढता म्हणाला.

केतकीने फोन पुढे केला. नकाशावर खैरोळ राखाडी झाले होते. रस्त्याचा भरवसा एकतीस आणि उतरतच होता. पण सड्यावर एक हिरवा ठिपका उगवला होता. नवी वस्ती क्रमांक सात, माणसे अंदाजे चारशे बारा. दोन दिवसांच्या ये-जेने बैलगाडीची वाटही रस्ता झाली होती, भरवसा चौसष्ट.

“म्हणजे आमी हयचे झालव?” काकीने विचारले.

“नकाशात झालास.”

चुलीपाशी मोठा हशा पिकला. लवूकाका हसले नाहीत. ते खोपीमागे गेले आणि झापांच्या गाठी आवळू लागले. केतकी त्यांच्यामागे गेली.

“काकानू, उद्या पाकळी लावतलास ती तुमीच ना?”

“मीच.”

“उजवी जरा सैल लावलास तर?”

काकांचे हात थांबले. कौलाची पद्धत अशी, की जास्वंदीची एक पाकळी ओली करून पाषाणाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. पाण्याच्या पातळ थरामुळे पाकळी दगडाला धरून राहते आणि पाणी सुकले की सुटते. ओल किती आणि अंगठ्याचा दाब किती, यावर सगळे अवलंबून. केतकीला हे शाळेत असल्यापासून ठाऊक होते. काकांना शाळेत न जाता ठाऊक होते.

“तू तुझ्या यंत्राक खोटा सांगतलंस काय?”

“नाय.”

“मगे?”

“पोरांची बस जायत, काकानू. तीन वर्षां. कोणाक रात्रीबेरात्री काय झाला तर गाडी येवची नाय.”

“ता माका कळता.” त्यांनी गाठ घट्ट केली. “तुझा काम तू बघ. माझा मी बघतंय.”

तीस तारखेला सकाळी सगळे गाव शिवेवर जमले. दक्षिणेकडे तोंड केलेला तो पाषाण कमरेएवढा, दवाने काळा झालेला. काकांनी गाऱ्हाणे घातले, लोकांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. मग काकांनी पाकळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि मागे सरले. चारशे माणसे गप्प उभी राहिली. कडेवरची पोरेसुद्धा. डोंगरामागून ऊन आले, झाडांतून पाषाणावर उतरले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग डावी पाकळी कडेने वळली आणि खाली पडली.

बायका चुलींकडे वळल्या. आणखी दोन रात्रींचे तांदूळ पुरतील का, याची चौकशी सुरू झाली.

एकतीस तारखेला दुपारी अडीच वाजता दिघेबाईंचा फोन आला.

“केतकी, तुझ्या पट्ट्यात एकच गाव राखाडी दिसतंय. जीप घेऊन जाऊन ये ना आत.”

“मॅडम, आत कोणी जायचं नाही असं आहे.”

“मला कळतं ते. मी कोणाच्या श्रद्धेला हसत नाहीये. पण चौदाशे मीटर म्हणजे जाऊन-येऊन सहा मिनिटं. तू गावाला त्रास द्यायला जात नाहीयेस, रस्ता वाचवायला जातीयेस.”

“हो.”

“मी तुला हुकूम करत नाही. पण चारनंतर माझ्या हातात काही नाही, एवढं लक्षात ठेव.”

सव्वातीनला केतकी शिवेपाशी पोचली. डहाळी तशीच आडवी होती. चार दिवसांत पाने सुकून कागदासारखी झाली होती. पलीकडे रस्ता बांबूच्या बेटाला वळसा घालून दिसेनासा होत होता. रस्ता चांगला होता. हे तिला आत न जाताही माहीत होते; महिन्यापूर्वीच तिने त्याची नोंद केली होती.

वर सड्याच्या कडेला माणसे येऊन उभी राहिली होती. आजचा दिवस काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. त्यांतून सुलूकाकी बैलगाडीच्या वाटेने धापा टाकत खाली आली.

“जा गो,” ती हळूच म्हणाली. “मी काय बोलाचंय नाय. पोरांचो रस्तो हा.”

“मी गेलंय तर तुमका परत तीन रात्री भायर काढूक लागतील, काकी.”

“काढू. तीन रात्री म्हणजे काय तीन वर्षां?”

हिशेब सरळ होता आणि काकीचा होता तसाच केतकीचाही होता. ती जीपमध्ये बसली. इंजीन चालू केले. डहाळी बाजूला करायला पुन्हा उतरली, वाकली, आणि तिने वर पाहिले. लवूकाका कडेला सगळ्यांपासून दूर एकटे उभे होते. त्यांनी काल पाकळी पडू दिली होती. पडलेली पाकळी त्यांनी सगळ्यांना दाखवली होती. तेही रस्ता वाचवू शकले असते आणि त्यांनी वाचवला नव्हता, असे केतकीला वाटले. मग आपण आत गेलो तर त्या पाकळीला काय अर्थ राहील?

तिने डहाळी उचलली नाही.

जीपमधल्या पडद्यावर तिने अंगठा ठेवला. यंत्र ओळीने विचारत गेले.

शिवेपर्यंतचा रस्ता पाहिला? हो. शिवेपुढचा तुकडा आज पाहिला? नाही. गावात सध्या कोणी आहे?

केतकी थांबली. उद्या सकाळी असतील, असे तिला लिहायचे होते. पण यंत्राने उत्तराला दोनच चौकोन दिले होते. उद्या हा शब्द त्याला कोणी शिकवलेला नव्हता.

तिने ‘नाही’ वर बोट ठेवले. चार वाजता खैरोळचे चौदाशे मीटर नकाशावरून गेले.

एक जानेवारीला कौल उजवा आला. गाव ढोल वाजवत घरी परतले. झाडलोट झाली, चुली पेटल्या, संध्याकाळपर्यंत नकाशानेही पाहिले, की इथे माणसे आहेत. पण मार्ग कालच्या नकाशावर ठरले होते.

दोन तारखेला सकाळी बस आली. शिवेपाशी वळली, सड्यावर चढली, मोकळ्या कातळावर थांबली. दारे उघडली. “नवी वस्ती क्रमांक सात,” आतला आवाज म्हणाला. दोन मिनिटे वाट पाहून बस परत गेली. तिसऱ्या दिवसापासून हायस्कूलची पोरे दप्तरे घेऊन चौदाशे मीटर चालून शिवेवर आणि तिथून सड्यावर जाऊ लागली. महाशिवरात्रीच्या सुमारास म्हादूच्या छातीत दुखू लागले, तेव्हा चौघांनी त्याला खुर्चीत बसवून सड्यावर नेले. रुग्णवाहिका तिथे वेळेवर आली होती. म्हादू वाचला. मात्र खुर्ची उचलणाऱ्यांपैकी दोघांनी नंतर केतकीकडे पाहणे सोडले. काकी तर तिच्याशी बोलेचना. ताट वाढी, पण बोलत नसे. म्हादूच्या मेहुण्याने सड्यावर चहाची टपरी टाकली. कोणी म्हणे, आपणही तिथेच दोन खोल्या बांधाव्यात, रस्ता तरी आहे.

केतकीने ‘तात्पुरते रिकामे’ असा नवा रकाना यंत्रात घालावा म्हणून बावीस पानांचा प्रस्ताव पाठवला. सोबत कोकणात अशी पळण पाळणाऱ्या गावांची माहिती आणि मागच्या सहा पळणींच्या तारखा जोडल्या. प्रस्ताव समितीपुढे आहे, असे दिघेबाईंनी कळवले.

चैत्रात एका रविवारी ती बसने सड्यावर उतरली. टपरीपाशी लवूकाका बसले होते. तिला घ्यायला ते कधी येत नसत. दोघे चालू लागले. काका हळू चालत होते. शिवेपाशी आल्यावर ते पाषाणाकडे न पाहता पुढे गेले आणि बांबूच्या बेटापाशी थांबले.

“केतके, तू आत गेलंस नाय तेचा माका बरा वाटला, असा समजू नको.”

“मगे?”

“माका लाज वाटली.” ते रस्त्याकडे बघत होते. “त्या दिवशी उजवी पाकळी मी ओली केलीच नाय. बुडवल्यासारखी केलंय आणि नुसती टेकवलंय. डावी मात्र चांगली दाबून लावलंय. चाळीस वर्षांत पयल्यांदा.”

सुकी, नुसती टेकवलेली पाकळी आधी पडायला हवी होती. केतकी मनाशी पाषाणाची दिशा आठवू लागली.

“पाषाण दक्षिणेक तोंड करून हा, काकानू,” ती शेवटी म्हणाली. “तेचो डावो खांदो पूर्वेक. थय ऊन आधी येता. पाणी सुकला काय पाकळी सुटता. उजवी दवान चिकटान रवली असतली.”

“चाळीस वर्षां ऊन थयसूनच येता गो,” काका म्हणाले. “आणि चाळीस वर्षां दोनय बाजू पडतत.”

वाऱ्याने बांबू करकरले. मागून हायस्कूलची दोन पोरे आली, “लवूआजा, दमलास?” असे ओरडून धावत पुढे गेली.

“काकीक सांगलास?” केतकीने विचारले.

“खुळी काय तू? ती तुझ्याशी बोलणा नाय; माझ्याशीय बोलाचा बंद केल्यान तर जेवण कोण घालतला?” ते पुन्हा चालू लागले. थोडे पुढे गेल्यावर म्हणाले, “गावात ह्या कोणाक सांगू नको हां.”

“नाय सांगणंय. आणि माझ्या नोंदींत? तपासनिसान सगळा लिहूचा असता.”

काकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिले.

“नकाशात खुशाल लिही,” ते म्हणाले. “थय आमी रवतव खय?”